तीर्थाचा हात

प्रिय तुळजा,

आपला सुंदर तुझ्या बहिणीला, अंबूला, गाडीने पापनाशमला सोडायला गेला आहे. तो परत यायच्या आत मला एक गोष्ट ठरवायची आहे. त्याच्याबरोबर बंगळूरला जायचं, की इथेच कुंभकोणमला, आपल्या घरात राहायचं? तुला विचारल्याशिवाय असलं काही मी आजवर ठरवलेलं नाही. म्हणून कागद घेऊन बसलो.

नावाने हाक मारली म्हणून दचकू नकोस. लग्न झाल्यापासून 'अगं' आणि 'ऐकलंस का' एवढ्यावरच माझं भागलं. पण पत्राच्या वर 'प्रिय अगं' असं कसं लिहायचं? आणि हे मराठी अक्षरही तुझंच आहे. मी तमिळ शाळेत आठवीपर्यंत गेलो आणि मग पितळी भांड्यांच्या दुकानात काट्यामागे उभा राहिलो. आपली अक्षरं तू गिरवून घेतलीस, तीही लग्नानंतर! ऱ्हस्वदीर्घ चुकलं तर समजून घे.

सगळं त्या शुगर मशीनपासून सुरू झालं. तुझं मशीन म्हणतो मी त्याला. साखर माझी होती, पण मशीन तुझंच होतं ना?

आठवतं का तुला? मी अजून अंथरुणातच असायचो, डोळे अर्धे मिटलेले. तू वाटीत ऊन पाणी घेऊन यायचीस. माझं बोट त्यात बुडवायचीस, चोळायचीस, पदराने कोरडं करायचीस. मग म्हणायचीस, "माझ्याकडे बघू नका, भिंतीकडे बघा." मी भिंतीकडे बघायचो. टुक्. झालं! मी विचारायचो, "किती?" आणि तू कधी आकडा सांगायची नाहीस. "बरी आहे," म्हणायचीस. नाहीतर, "काल मुंजीत कोणी तिसरी पोळी घेतली ते देवाला ठाऊक!"

मी म्हणायचो, मला पण शिकव. तर म्हणायचीस, "मी आहे ना."

मी आहे ना! किती सहज म्हणालीस गं. आणि मग थंडीत चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि तू गेलीस. मशीन कपाटात राहिलं. मी त्याच्याकडे बघायचो नाही, तेही माझ्याकडे बघायचं नाही.

सुंदर रोज फोनवर विचारायचा, "अप्पा, गोळ्या घेता ना? शुगर बघता ना?" गोळ्या मी घेत होतोच, त्यात खोटं नाही. पण शुगर बघतो असं किती दिवस म्हणत राहणार? शेवटी एकदा मनाचा हिय्या करून ती काळी पिशवी उघडली.

बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, कानाशी धरून हलवलं. तुझ्यामागे तेही गेलं की काय असं वाटलं! मग घड्याळवाल्याकडे नेलं. त्याने पाठीमागचं झाकण सरकवून बटणाएवढी बॅटरी बदलून दिली आणि वडीलधाऱ्याला म्हणावं तसं म्हणाला, "पेरियवरे, हे बटण दाबून चालू होत नाही, पट्टी घातली की आपोआप जागं होतं." आता हे मला कोणी सांगितलं होतं?

घरी येऊन पट्टी घातली. उलटी. मग सुलटी. जागं झालं, थेंबाचं चित्र दाखवायला लागलं. पण मला धीर येईना. अगं, काट्यावर आयुष्य गेलेला माणूस मी. काटा ठेवायची जागा सपाट आहे की नाही हे आधी बघायचं, मग पहिलं गिऱ्हाईक. म्हणून मी मशीन स्वयंपाकघरातल्या कडप्प्यावर ठेवलं. तो जरा कलता आहे, म्हणून एका बाजूला काडेपेटी लावली. सरळ झाल्यावर मग सुई टोचली. तोवर मशीन परत झोपलं!

हसू नकोस. हसलीस ना?

पुढचं तर विचारू नकोस. रक्त पट्टीच्या डोक्यावर लावलं, तर इंग्रजी अक्षर दाखवून बंद. रक्त कमी पडलं म्हणून दुसरा थेंब पिळून वर ठेवला, पुन्हा बंद. करंगळी सोडून सगळी बोटं टोचून झाली. मग मशीनबरोबर आलेला कागद भिंगाने बघितला. शब्द वाचवेनात, पण चित्रं होती. पट्टीची कड थेंबाला नुसती टेकवायची, पट्टी आपण होऊन रक्त ओढून घेते. तू हे किती अलगद करत असशील! मला कळायचंसुद्धा नाही.

आणि मग पहिल्यांदा आकडा आला. तीनशे बारा.

तुळजा, मी एकटा होतो गं घरात. तीनशे बारा म्हणजे काय हे सांगायला कोणी नव्हतं. पण तू कधीतरी फोनवर अंबूला सांगताना मी ऐकलं होतं, "आज यांची दीडशे आली, जरा जास्तच." दीडशेला तू जास्त म्हणायचीस. मग ही तर दुप्पट!

दुसऱ्या दिवशी दोनशे ऐंशी. तिसऱ्या दिवशी साडेतीनशेच्या जवळ. मोठ्या रस्त्यावरच्या शिंप्याचा पाय आठवला, त्याचा अंगठा कसा काळा पडला होता ते. डोळ्यांपुढे सुया दिसायला लागल्या, त्या पोटात टोचतात त्या. डॉक्टरांकडे जायला हवं होतं. गेलो नाही. ते सुया लिहून देतील, सुंदरला कळेल, आणि मग तो मला इथे राहू देणार नाही. हा हिशेब मी आपला मनातल्या मनात घातला.

बंगळूरचं घर मी बघितलं आहे. चांगलं आहे, नवव्या मजल्यावर. पण तुझं वर्ष अजून पुरं झालेलं नाही. तुझं मासिक श्राद्ध तो तिकडे मठात करतो, सुटी मिळत नाही म्हणून. मी इथे त्या दिवशी उडदाच्या पिठाची डांगर पच्चडी आणि भात करून मागच्या भिंतीवर कावळ्याला ठेवतो. कावळा येतो, मानेला झटका देऊन माझ्याकडे बघतो आणि खातो. ते सोडून मी कुठे जाऊ?

तेव्हा मी माझाच उपाय केला. रात्रीचा भात बंद. मग इडलीही बंद. एक फुलपात्र ताक आणि झोप. गोळ्या मात्र चालूच. आणि सकाळी आकडा बघावा तर तीनशेच्या वरच! उपाशी राहूनही साखर वाढते म्हणजे हे दुखणं काही साधं नाही, असं मी धरून चाललो. विड्याच्या पानाच्या दुकानासमोर एकदा उगीच थांबलो होतो, तर पानवाला म्हणाला, "काय राव, वाळून चाललात!" त्या रात्री ताकही घेतलं नाही.

मग ते झालं. भाजी घेऊन येताना आपल्याच दारात, तिण्णैच्या ओट्याला हात टेकला आणि हात थरथरायला लागला. घामाने शर्ट भिजला. डोळ्यांपुढे सगळं पिवळं. समोरच्या घरातल्या मामी धावत आल्या, त्यांनी मला बसवलं आणि पेलाभर साखर घातलेली कॉफी पाजली. थोड्या वेळात मी ठीक. पण मामींनी तोवर सुंदरला फोन केला होता.

"अप्पा, पुरे झालं," तो म्हणाला. "मी शनिवारी येतोय. कपडे भरून ठेवा. घराचं काय ते नंतर बघू."

"अरे, पण आईचं वर्ष..."

"आईचं वर्ष मी करतो आहे ना? तुमचं पण मीच करायला पाहिजे का या वर्षी?"

असं बोलला! आवाज तुझा होता. रागावला की अगदी तुझा आवाज काढतो तो.

मी काय करणार? अंबूला फोन केला. तुझी धाकटी बहीण, स्वतः इतकी वर्षं साखर सांभाळते आहे, आणि तोंड तर तुला ठाऊकच आहे. परवा सकाळी पहिल्या बसने हजर. पायरी चढायच्या आधीच सुरू.

"भावोजी, तुम्ही आहात की तुमचा फोटो आलाय दारात? किती वाळलात!"

"ये बाई. साखर तीनशे आहे."

"तीनशे असलेला माणूस असा खणखणीत बोलत नाही. मामींनी कॉफीत साखर घालून दिली आणि तुम्ही बरे झालात, खरं ना? तीनशेवाल्याला साखर पाजून बरं वाटतं होय? हे ऐकूनच मला शंका आली."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं बघ!

मी नुकतीच पूजा आटोपली होती. तुझ्यामागे तुझा कृष्ण उपाशी कसा ठेवू? स्वामीमलैच्या मूर्तिकाराकडून तू हौसेने ओतून आणलेला. तू करायचीस तसंच सगळं करतो. दूध, दही, तूप, मध, साखर, रोज वाटीभर पंचामृत, त्याचं स्नान. मध जरा सढळ पडतो माझ्याकडून. अंबूने पाय धुतले, देवाला नमस्कार केला, हात पुढे केला. मी तिला पळीने तीनदा तीर्थ दिलं. तिने घेतलं आणि ओला हात केसांवरून फिरवला.

मग आम्ही स्वयंपाकघरात बसलो आणि तिने आपलं मशीन माझ्या मशीनशेजारी ठेवलं. "पट्ट्या कुठे आहेत?"

मी पितळेची डबी काढून दिली.

तिने डबीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हे काय?"

"त्या प्लास्टिकच्या डबीत बऱ्या दिसत नव्हत्या. ही जुन्या घडणीची आहे, बघ, झाकण कसं बसतं."

"भावोजी! ती प्लास्टिकची डबी दमट हवा आत जाऊ नये म्हणून असते. तिच्या झाकणात औषध असतं. तुम्ही कुंकवाच्या करंड्यात पट्ट्या ठेवता? उद्या मशीनला हळदीकुंकू वाहाल!"

"वाहिलं होतं," मी म्हणालो. "दसऱ्याला तुझी अक्का वाहायची."

तिने डबीचं झाकण पदराने पुसलं.

मग म्हणाली, "सापडलं कारण. पट्ट्या खराब झाल्यात. आता माझ्या मशीनवर, माझ्या पट्टीने बघू." तिने माझं बोट धरलं, टोचलं. मी सवयीने भिंतीकडे बघितलं. तिचं मशीन वाजलं. मी वळून बघितलं. तीनशे चौतीस.

अगं, तोवर मला वाटत होतं की सुटलो. मशीन वेगळं, पट्टी वेगळी, आकडा तोच! म्हणजे खोट काट्यात नाही, मालातच आहे. मी म्हणालो, "अंबू, कपडे भरायला मदत कर."

तीही घाबरली होती. पण हार मानायची नाही, तुझ्यासारखीच. "थांबा. काट्याचा माणूस ना तुम्ही? दुकानात काट्याची शंका आली तर काय करायचात?"

"ओळखीचं वजन ठेवून बघायचो."

"मग मी ओळखीचं वजन. घरून निघताना माझी एकशे सत्तावीस होती. त्यानंतर पोटात पाणीसुद्धा नाही." तिने आपल्याच बोटाला सुई टोचली.

दोनशे शहाण्णव.

आम्ही दोघं म्हातारे त्या आकड्याकडे बघत बसलो. "अय्यय्यो," ती तमिळमध्ये म्हणाली, "मला पण?" मला तर क्षणभर वाटलं की हे या घराचंच काहीतरी आहे, इथे येईल त्याला लागतं. तिने कपाळाला हात लावला. आणि हात कपाळाला चिकटला.

चिकटला, म्हणजे अगदी जरासाच. तिने तो काढला, नाकाशी नेला, बोटाला जीभ लावली.

"भावोजी, हात दाखवा."

दाखवला. तिने माझं बोट वाटाण्यासारखं चिमटीत धरून दाबलं. "पूजेनंतर हात धुतलात?"

"तीर्थाचा हात कोण धुतं?"

"तेच म्हणते मी! कोण धुतं? मी तरी कुठे धुतला?"

आणि मग ती हसायला लागली. इतकी हसली की पदर तोंडात धरावा लागला. मला काही कळेना. "अहो, मध! साखर! बोटावर पंचामृत आणि त्यातच आपण रक्त काढतोय. मशीन बिचारं देवाची साखर मोजतंय, तुमची नाही!"

मग तिने पाणी ऊन केलं, साबणाने माझे दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले, लहान मुलाचे धुवावेत तसे, आणि फडक्याने कोरडे केले. पुन्हा टोचलं.

एकशे एकेचाळीस.

तिची एकशे एकोणतीस.

मी विचारलं, "पण ऊन पाणी कशाला? नळाचं चाललं नसतं?"

"ऊन पाण्याने रक्त बोटात उतरतं, पिळावं लागत नाही. आणि बोट स्वच्छ होतं. अक्का नाही का करायची?"

करायची. तू रोज करायचीस, आणि इतकी वर्षं मी समजत होतो की तू लाड करतेस माझे! थंड पाण्याने मला शिरशिरी येते म्हणून. ते मशीनच्या कागदातलंच होतं का गं? अंबूला मी काही बोललो नाही. पण तुला सांगतो, रीत असेल ती, तरी पदराने कोरडं करायचं असं त्या कागदातल्या कुठल्याही चित्रात नाही. मी भिंग लावून बघितलं आहे. तेवढं माझं.

तुझ्या वेळी हे का झालं नाही, तेही अंबूने माझ्याकडून वदवून घेतलं. तू मला अंथरुणातच टोचायचीस, मग आपली अंघोळ करून पूजा करायचीस. माझ्या हाती पूजा नव्हती, तेव्हा प्रश्नच नव्हता. आता दोन्ही माझ्याकडे आलं. तर मी विचार केला, अंगातून रक्त काढून त्याच हाताने देवाला कसं शिवायचं? म्हणून आधी अंघोळ, मग पूजा, मग तीर्थ, आणि कॉफीच्या आधी सुई. तीर्थाने उपास मोडत नाही. म्हणजे उपाशीपोटीच झालं की! माझ्या बाजूने मी सगळं चोख केलं होतं.

"भावोजी," अंबू म्हणाली, "रक्त काढा, मग अंघोळ करा, मग पूजा करा. अंघोळ कशासाठी असते?"

इतकं सोपं! आणि मी त्यासाठी उपाशी राहिलो, दारात कोसळलो, मुलाला घाबरवलं. तू असतीस तर? तू असतीस तर हे झालंच नसतं, ते सोड. पण एक शब्द तरी सांगून जायचं होतंस. "हात धुवा" एवढाच.

काल अंबू मला धरून तपासणी केंद्रात घेऊन गेली. तिथे दंडातून रक्त घेतलं. वाटेत नव्या पट्ट्या घेतल्या; तिथला आकडा आणि माझ्या मशीनचा आकडा जवळजवळ जुळले. मग डॉक्टर. ते साखरेवर नाही रागावले, जेवण सोडण्यावर रागावले. "गोळी घेऊन उपाशी राहायचं? मशीनचा आकडा पटला नाही तर हात धुऊन पुन्हा बघायचं, तरीही पटला नाही तर इथे यायचं. स्वतःचा डॉक्टर स्वतः व्हायचं नाही." मी मान हलवली. घरी येऊन भात जेवलो, मापाने, पण भात. रडू आलं. भाताला रडतो का कोणी?

संध्याकाळी सुंदर आला. सुटकेस रिकामी घेऊन आला होता, माझ्या कपड्यांसाठी. अंबूने त्याला दारातच सगळं रंगवून सांगितलं, तीर्थ, मध, कुंकवाचा करंडा. तो हसला नाही. म्हणाला, "सकाळी मी स्वतः बघतो."

आज सकाळी उठल्या उठल्या मी त्याच्यासमोर बसलो. ऊन पाणी, साबण, कोरडं फडकं. पट्टी सुलटी घातली. बोटाच्या कडेला टोचलं. कड थेंबाला टेकवली. आज भिंतीकडे बघून चालणार नव्हतं. एकशे छत्तीस. मी मशीन त्याच्याकडे वळवलं. मुंजीत संध्या न चुकता म्हटल्यावर वडिलांकडे बघितलं होतं, तसं मी त्याच्याकडे बघितलं. माझ्याच मुलाकडे!

"बरं आहे," तो म्हणाला. तुझ्यासारखं. आणि उठून बाहेर गेला.

मला वाटलं, जिंकलो. राहिलं माझं घर! अंघोळ केली, पूजा केली, तीर्थ घेतलं, हात डोक्यावरून फिरवला, मनासारखा. मग तीर्थ घेऊन बाहेर गेलो, तर तो तिण्णैवर पाय खाली सोडून बसला होता. शाळेतून मार खाऊन यायचा तेव्हा बसायचा, तसा. शेजारी ती रिकामी सुटकेस.

"काय झालं रे? आकडा चांगला आला ना?"

"चांगला आला."

"मग?"

रस्त्याकडे बघत होता. मग म्हणाला, "अप्पा, मला वाटलं होतं जास्त येईल."

"कशावरून?"

"कशावरून नाही. यावा असं वाटत होतं. मग तुम्हाला यावंच लागलं असतं." आणि मग, तुळजा, त्याने जे सांगितलं ते मी तसंच लिहितो. "घरात सगळे कन्नड बोलतात. ऑफिसात इंग्रजी. सगळे चांगले आहेत, मला काही कमी नाही. पण आई रोज संध्याकाळी फोनवर रागवायची. जेवलास का, सर्दी कशी झाली, इतका उशीर कसला. आई गेल्यापासून मला मराठीत कोणी रागावलेलं नाही."

पन्नाशीला आलेला मुलगा गं!

पळी हातात होती, त्याच्या तळव्यावर तीर्थ घातलं. त्याने घेतलं. हात डोक्यावरून फिरवायचं विसरला आणि तसाच मांडीवर ठेवून बसला. मग अंबू पिशवी घेऊन बाहेर आली, "चल रे, मला सोड, माझ्या घरी दूधवाला येऊन गेला असेल," आणि ती दोघं गेली.

तेव्हापासून मी इथे बसलो आहे. मशीनने सांगितलं की मी एकटा राहू शकतो. डॉक्टरांनी सांगितलं. अंबूने सांगितलं. सगळ्यांनी मला राहायची परवानगी दिली आहे आणि मला ती आता हातात कुठे ठेवावी हे कळत नाही. मी स्वतःचं रक्त मोजत बसलो होतो. त्याच्यात काय कमी झालंय ते मोजायला कुठली पट्टी होती माझ्याकडे? रोज फोनवर तो विचारायचा, "अप्पा, शुगर बघता ना?" आणि मी म्हणायचो, "बघतो. ठेवतो फोन." मला वाटायचं, तो माझी चौकशी करतोय. एकदा तरी उलटून विचारलं का मी, तू जेवलास का रे?

तू विचारायचीस. त्या फोनचं काम तू करत होतीस, आणि मला वाटायचं की तुम्ही दोघं उगीच भांडता!

तर ठरलं. लिहिता लिहिताच ठरलं, बघ. सुटकेस रिकामी नाही जाणार. घर विकायचं नाही, काही नाही. मामींकडे किल्ली ठेवतो. कृष्णाला अंबूकडे देतो, माझ्याहून ती जास्त नेमाने करेल आणि मधही कमी घालेल. तुझ्या वर्षाला आम्ही दोघं इथे येऊ, बाप आणि मुलगा, आणि दार उघडून सगळं रीतसर करू. त्याआधी चार महिने मी त्याच्याकडे राहीन. सोसलं तर आणखी. साखरेसाठी नाही. साखर ठीक आहे.

भीती वाटते. नववा मजला आहे, लिफ्ट आहे, बाहेर पडलो तर परत घर सापडेल का? सूनबाई चांगली आहे, पण मी कन्नडमध्ये दोनच शब्द बोलतो. ती भीती इथे ठेवून जाता येणार नाही, तीही बरोबर येईल. येऊ दे.

तुला एवढंच वचन देतो. सकाळी माझं मी बघीन, हात धुऊन, आणि जेवण सोडणार नाही. आणि संध्याकाळी तो दमून घरी आला की त्याला मी रागावीन. रोज. तुझ्याइतकं चांगलं जमणार नाही, आयुष्यभर ते काम तुझ्याकडे होतं आणि मी नुसता बाजूला बसून 'जाऊ दे गं' म्हणायचो. पण शिकीन. कारण नसलं तर शोधून काढीन.

गाडी आली वाटतं. हो, तोच. चपला घालून सरळ आत येतोय, डोक्यावर टोपी नाही, एवढ्या उन्हात! पत्र इथेच थांबवतो. आत्तापासूनच सुरू करतो.

तुझा,
मुकुंद